भंडारीची पेटी

१

दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घरात बाईला पाय न वाजवता वावरायला शिकावं लागतं. सुरतेतल्या लिंबायतच्या त्या खोलीत लग्न होऊन आल्यावर शोभाबाईला ते महिन्याभरात जमलं होतं. नवरा धुडकू लूमवर, यंत्रमागावर, रात्रपाळी करून सकाळी यायचा, कानातला कापूस काढायचा, चहात भाकरी कुस्करून खायचा आणि भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. भिंतीपलीकडेही लूमच. खटखटखट, खटखटखट, दिवसरात्र. गावाकडचे पाहुणे विचारायचे, बाई, या आवाजात झोपता तरी कसे? शोभाबाई हसायची. या आवाजातच तर झोप लागते. आवाज थांबला की मालक दचकून जागे होतात.

एकुलता एक योगराज मात्र लूमवर जायला तयार नव्हता. "बाबाले हाक मारी त ऐकू येत नाही. माले नाही बहिरं व्हायचं," म्हणायचा. बापाला याचा राग येत नसे, कारण तेही ऐकू जात नसे. पोरगा मगदल्ल्याकडे खाडीच्या चिखलात जुन्या बोटी तोडायच्या कामाला लागला होता.

प्लेगच्या साली सगळं सुरत स्टेशनाकडे पळत होतं, तेव्हा हाच पोरगा तापानं फणफणून या खोलीत पडून होता. शोभाबाईनं खान्देशाकडे तोंड करून पदर पसरला होता. "कानबाई माय, हा उठला तर तुला याच खोलीत बसवीन." ताप साधाच निघाला, पोरगा उठला. पुढच्या साली सासू गेली, म्हणून सण नव्हता. यंदाच्या श्रावणात नवस फेडायचा होता. गावाहून रोटासाठी निवडक गव्हाचं पोतं आलं होतं, आणि चाळीतल्या उंदरांना त्याचा वास लागला होता.

म्हणून योगराजनं पेटी आणली. सागवानी, गुडघ्याएवढी, आतून जस्ताचा पत्रा मारलेली. झाकण असं घट्ट की मुंगी शिरायची नाही.

"बोटीवरच्या रांधणखोलीत होती माय. शेठ भंगारात फेकत होता, मी मागून घेतली."

झाकणाच्या कडेनं ओळीनं भोकं होती. "हे काय रे?"

"खिळे ठोकलेले होते. कोणीतरी पक्की बंद करून ठेवली होती."

"अन् आत काय निघालं?"

"काही नाही. रिकामी. पण उघडली ना, तर गरम हवा आली तोंडावर. चुलीसारखी."

शोभाबाईनं पेटी हळदीच्या पाण्यानं पुसली, ऊन दाखवलं, कुंकवाचं बोट लावलं आणि गहू ओतले. ओतताना तिचा हात काठावर टेकला. लाकूड एकाच जागी घासून गुळगुळीत झालेलं होतं. छोटा खळगाच पडला होता. वर्षानुवर्षं कोणाचं तरी मनगट तिथं टेकून आत गेलं असेल, तसा. तिचं मनगट त्यात बरोब्बर बसलं. जणू तिच्या मापानंच झिजवलं होतं. तिला बरंच वाटलं. कष्टाचं लाकूड आहे, ती मनाशी म्हणाली.

२

कानबाई म्हणजे खान्देशची घरची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, डोळे, दागिने घालून तिला बसवायचं, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी नदीवर पोचवायचं. आणि तिचा नैवेद्य म्हणजे रोट, जाडसर गोड पोळ्या. त्याचे गहू असेतसे घेत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ ताटात टाकायची. जेवढे पुरुष तेवढ्या मुठी. बाईची मूठ पडत नाही. आणि ते रोट भाऊबंदांखेरीज कोणाला द्यायचे नाहीत. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे.

शोभाबाई न्हाऊन, ओल्या लुगड्यानं पेटीजवळ बसली. समोरच्या खोलीतली इंदुबाई मुद्दाम आली होती, कारण एक अडचण होती. शोभाबाईनं नवऱ्याचं नाव आजवर तोंडानं घेतलेलं नव्हतं, आणि ते घेतल्याशिवाय मूठ टाकायची कशी?

"घे ना व माय, एक डाव," इंदुबाई म्हणाली. "तो काय ऐकतोय? त्याच्या कानाशी नगारा वाजव."

"ऐकणं न ऐकणं नाही इंदुबाई. माझ्या सासूनं कधी घेतलं नाही."

"बरं, मी घेते. माझा नवरा आहे समजून." आणि तिनं ठसक्यात म्हटलं, "धुडकू!"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. शोभाबाईनं मनगट खळग्यात टेकवून मूठ भरली आणि ताटात सोडली. मग स्वतःच्या तोंडानं म्हणाली, "योगराज," आणि दुसरी मूठ सोडली. वरचा पाव पाव हिस्सा सोडला. झालं.

तिनं हात जोडले. डोळे उघडले तर ताट शिगोशीग भरलेलं होतं.

इंदुबाई तिच्याकडे विचित्र नजरेनं बघत होती. "तुझ्या घरी दोन गडी ना? का गावाकडचे सगळे धरलेस?"

"दोनच."

"मग ही सव्वा मूठ का सव्वा पायली?"

शोभाबाईला आपण दोनदाच हात घातल्याचं आठवत होतं. दंडात मात्र कळ उठली होती, खूप वेळ दळण दळल्यासारखी. उपासामुळे भोवळ आली असेल. जास्तीचे गहू उचलून ती परत पेटीत टाकणार, तर मन धजेना. देवीच्या नावानं निघालेलं परत ठेवायचं कसं?

"राहू दे," ती म्हणाली. "जास्तीचा नैवेद्य काय वाईट आहे? देवीलाच जास्त हवं असेल."

ते सगळे गहू तिनं दळले.

३

त्या आठवड्यात वीज बंद असायच्या दिवशी लूम थांबले. चाळीवर ती नेहमीची पोकळ शांतता पसरली, जिच्यात लोक उगाच मोठ्यानं बोलतात. शोभाबाई तांदूळ निवडत होती. आणि सगळं थांबलेलं असताना एक आवाज थांबलेला नव्हता.

धुप्. मग बराच वेळ काही नाही. धुप्.

खाली कुठंतरी, फरशीच्या पोटातून. लूमचा नव्हे, लूम घाईत असतो. याला घाई नव्हती.

धुडकू सवयीनं जागा झाला होता. "मोटर चालू आहे का हो कोणाची?" तिनं खुणेनं विचारलं. त्यानं हसून कानाकडे बोट दाखवलं. मग त्याचा हात फरशीवर टेकला आणि तसाच राहिला.

"ऐकू नाही येत," तो हळूच म्हणाला. "पण हालते."

"वीज नाही, मोटर कशी चालेल?"

"कोणाचं इंजन असेल डिझेलचं," तो म्हणाला आणि हात फरशीवरून उचलून उशीखाली घेतला.

संध्याकाळी योगराज आला तो त्या बोटीच्याच गोष्टी घेऊन. अशात त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं. आधी साधी मासेमारीची ट्रॉलर होती ती, मुंबईच्या कोण्या शेठची. मागच्या मोठ्या लढाईत गोऱ्या सरकारनं ती उचलली. नाव पुसून नंबर घातला, नाकावर तोफ बसवली, जाळी काढून ती ओढायच्या चक्रावर लोखंडी तार गुंडाळली. समुद्रात पेरलेले सुरुंग त्या तारेनं कापायचे.

"अन् चालवणारे सोल्जर?" शोभाबाईनं विचारलं.

"कशाचे सोल्जर? तेच मच्छीवाले. सरकारनं नुसते गणवेश चढवले. कालपर्यंत पापलेट ओढायचे, आज सुरुंग ओढा." तो रंगात आला होता. "रंग खरवडला ना माय, तर थरावर थर निघतात. वर निळा, त्याच्याखाली राखाडी लढाईचा, अन् त्याच्याखाली जुना हिरवा, बोटीचं नाव असलेला. लढाई संपल्यावर शेठला परत दिली. पुन्हा मासे धरले. म्हातारी झाल्यावर आमच्याकडे आली."

बोलता बोलता तो जेवत होता आणि शोभाबाई बघत होती. ताट त्यानं जमिनीवर ठेवलंच नव्हतं. मांडीत घट्ट धरलं होतं, आणि एक पाय समोरच्या भिंतीला रोवला होता. जमीन कलेल आणि आपण घसरू, असा.

"असा का बसलास रे?"

त्यानं पायाकडे पाहिलं. त्यालाही ते आत्ताच दिसलं असावं. "असंच," तो म्हणाला. पाय मात्र काढला नाही.

४

रविवारी कानबाई आली. खोलीत माणूस मावेना. केळीचे खांब, कोऱ्या साडीचा मांडव, नथीतला लाल खडा दिव्यात लुकलुकायचा. इंदुबाईनं गाण्यांत असा आवाज लावला की धुडकूही ताल धरू लागला. शोभाबाईचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते. नवस पुरा होत होता. जे काय मनात आलं होतं ते उपासाचं, श्रावणातल्या ओलीचं आणि कमी झोपेचं, असं तिनं स्वतःला बजावलं. सोमवारी वाजतगाजत तापीवर जाऊन त्यांनी देवीला पोचवलं.

आणि मग घरात उरली रोटांची टोपली.

एवढ्या पिठाचे रोट म्हणजे टोपलीवर फडकं बसत नव्हतं. धुडकू म्हणाला, "हे पौर्णिमेच्या आत कोण संपवणार? माले काय बैल समजतीस?"

"तुम्ही अन् योगराज. सकाळ-संध्याकाळ."

"मग पौर्णिमेला माले उचलायले चार माणसं बोलाव."

पण रोट संपत होते. तिला आधी हायसं वाटलं. मग मंगळवारी दुपारी तिनं फडकं उचललं आणि तशीच बसून राहिली. टोपली अर्ध्यावर आली होती. धुडकूनं सकाळी एक रोट खाल्ला होता. योगराज डबा न घेताच कामावर गेला होता.

उंदीर? उंदीर कुरतडतो, चुरा पाडतो. टोपलीत चुरा नव्हता. टोपलीखालची फरशी मात्र ओली होती. तिनं बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.

५

"एक सांगू का?" इंदुबाई म्हणाली. नळावर गर्दी नव्हती. तिनं हंडा उगाच भरून उगाच ओतला. "त्या दिवशी सांगणार होते. मला वाटलं तू काहीतरी स्तोत्र म्हणतेयस."

"कधी?"

"गहू घेतेवेळी. योगराजचं नाव घेतलंस, अन् मग थांबलीच नाहीस. मूठ भरायची, नाव घ्यायचं, सोडायची. मूठ, नाव, मूठ, नाव. डोळे मिटलेले."

"कोणाची नावं?"

"आपल्याकडची नव्हती बाई. लवजी का कायतरी. भिखा. एक इब्राहिम होता. मी म्हटलं, कानबाईला हे कुठले भाऊबंद? पण नवसाची बाई, मधी कशाला टोकायचं?" मग तिचा चेहरा बघून ती घाईनं म्हणाली, "अगं, उपासात होतं असं. माझी आत्या चतुर्थीला गुजरातीत बोलायची, अन् तिनं जळगाव सोडलेलं नव्हतं."

शोभाबाई आपला हंडा उचलून निघाली.

घरी योगराज लवकर आलेला होता. आरशासमोर उभा राहून सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावत होता. त्यानं अशी बटणं कधी लावलेली नव्हती.

"पौर्णिमेची भरती मोठी असते ना," तो म्हणाला. "बोटीचं धूड अजून वर ओढायचं आहे. दोरावर माणूस लागतो. माझी बारी आहे."

"सण आहे बाबा त्या दिवशी. दुसरं कोणी जाईल."

"दुसरं कसं जाईल?" त्यानं शांतपणे विचारलं. आवाजात रागही नव्हता, हट्टही नव्हता. "माझी बारी आहे, माय."

पोरगा तिच्याकडे बघत होता, पण नजर तिच्या मागं, लांब, जिथं भिंत होती त्याच्या पलीकडे लागलेली होती.

६

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, योगराज कामावर असतानाच, शोभाबाई दोन बसा बदलून मगदल्ल्याला पोचली. चिखलाच्या उतारावर ते धूड कुशीवर पडलेलं होतं. बरगड्या उघड्या पडल्या होत्या. पलीकडच्या बाजूला पोरं घण घालत होती. झोपडीच्या दारात राखणदार भाणाकाका टंडेल बसले होते. आयुष्य मुंबईच्या धक्क्यावर गेल्यामुळे त्यांना मराठी चांगली येत होती.

"योगराजची आई ना? बसा बेन."

तिनं आडवळण घेतलं नाही. "काका, त्या बोटीवरून पेटी आणलीय त्यानं. ती कोणाची?"

म्हाताऱ्यानं विडी विझवली. "खिळेवाली? ती त्यानं काढली?" मग भाणाकाका म्हणाले, "भंडारीची. भंडारी म्हणजे बोटीवर रांधणारा. मारो बाप होता या बोटीवर, जाळं ओढायला. किनारा सोडण्याआधी भंडारी पेटीजवळ बसायचा. एकेकाचं नाव घ्यायचा, एकेक मूठ चावल टोपात टाकायचा. ज्याची मूठ पडली तो बोटीवर. ज्याची नाही पडली तो किनाऱ्यावर. सरकारनं बोट घेतली, तोफ लावली, पण ही रीत नाही मोडली."

शोभाबाईनं नकळत उजवं मनगट पदराखाली घेतलं.

"एक दिवस माझी आजी मेली. बाप सुतकात. पण त्याची मूठ पडून गेलेली. म्हणून भंडारीनं मूठ टोपातून काढून परत पेटीत टाकली, नाव घेऊन. बाप उतरला. पण बोटीला माणूस उणा नाही चालत, बेन. एक उतरला की एक चढायचा. त्याच्या जागी दुसरा चढला. त्याचं नाव बापानं मरेपर्यंत घेतलं नाही."

"अन् मग?"

"मग काय? तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बोटीनं हिला ओढत आणली. एक ओरखडा नव्हता. तार चक्रावर, गणवेशाच्या टोप्या खुंटीला. चुलीवर टोप, टोपात भात. बाप म्हणायचा, बोट लावलं तर भाजत होतं. कोणी एक घास खाल्लेला नव्हता. अन् बोटीवर कोणी नाही."

घणांचे आवाज मध्येच थांबले. चिखलात काहीतरी हललं: धुप्.

"कोण कोण होतं त्या दिवशी?" तिनं विचारलं.

"हवे तो याद नथी बधा... सगळे नाही आठवत आता. लवजी होता. भिखा. रामजी टंडेल, त्याचा भाऊ..." म्हातारा बोलता बोलता थांबला. तो तिच्या ओठांकडे बघत होता. त्याच्याबरोबर, किंचित त्याच्या आधी, ते हलत होते.

"बेन," तो फार हळू म्हणाला, "तुम्ही त्यातून मूठ घेतली?"

"देवीसाठी. रोटाला. नाव घेऊनच घ्यावी लागते."

"कोणाच्या तोंडानं नाव? ज्याचा हात त्याचंच तोंड लागतं."

नवऱ्याचं नाव इंदुबाईनं घेतलं होतं. शोभाबाईनं डोळे मिटले. धुडकू तसाच होता, हसत होता, टोमणे मारत होता. बदलला होता तो एकटा योगराज.

"मी समजावीन त्याला," भाणाकाका म्हणाले. "ऐकला तर."

७

ती रात्र तिनं देव्हाऱ्यासमोर काढली. धुडकूला कानाशी तोंड नेऊन सांगून पाहिलं. त्याची त्या आठवड्यात दिवसपाळी होती, तो झोपेतच म्हणाला, "कानबाईच्या रोटाले भूत खाई का व? वेडी शेस तू," आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिला ते पटावंसं वाटत होतं. देवीनं एकदा वाचवलेला पोरगा ती असा जाऊ देईल का?

पहाटे तिनं योगराजच्या चपला लपवल्या. ती पाणी भरून आली तोवर तो अनवाणीच निघून गेला होता. चाळीत राखीची गडबड होती. इंदुबाई भावाकडे उधन्याला गेली होती, धुडकू कामावर. शोभाबाईनं फडकं उचललं. टोपलीत एकच रोट उरला होता.

भरती दुपारी होती. मगदल्ल्याला पोचायला दोन बसा, आणि सणाची गर्दी.

तिनं दार लोटलं. आंघोळ केली, ओल्या लुगड्यानंच पेटीसमोर बसली. रोटाचं थोडं पीठ डब्यात उरलेलं होतं. तिनं त्यातली मूठ भरली. मनगट आपसूक खळग्यात टेकलं.

"योगराज," ती म्हणाली आणि पीठ पेटीत सोडलं. "योगराज उतरला."

काही झालं नाही. भिंतीपलीकडे लूम खटखटत होते. पेटीतल्या गव्हावर पांढरा डाग पडला होता, एवढंच.

माणूस उणा चालत नाही. याची तिला कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. मुठीच्या मुठी पडल्या, पण बाईची मूठ कधी पडली नाही; सासूची नाही, सासूच्या सासूची नाही. तिला एक गोष्ट उगाच आठवली: कित्येक वर्षांत आपलं नाव कोणी नुसतं घेतलेलं नाही. योगराजची माय, धुडकूची बायको, शोभाबाई. आणि दुसरी एक गोष्ट, जी तिला त्या टोपलीजवळ बसल्यापासून छळत होती. बिचारे किती वर्षांचे उपाशी असतील. भात शिजलेला होता आणि वाढायला कोणी नव्हतं.

"माय कानबाई, रागावू नको," ती म्हणाली. तिनं गव्हाची मूठ भरली, ताटावर धरली आणि स्वतःच्या तोंडानं म्हटलं, "शोभा."

दाणे ताटात पडले. लूम थांबले.

वीज गेली असेल, ती मनाशी म्हणाली. पौर्णिमेला जातेच. ती उठली आणि रोजच्यासारखी चुलीशी गेली. तांदूळ धुतले, टोप चढवला. तांदूळ जरा जास्तच घेतले. फरशीखालून धुप् आवाज आला, मग पुन्हा, आता मध्ये फार वेळ जात नव्हता. जमिनीवरचा पितळी पेला हळूच सरकला आणि भिंतीला जाऊन टेकला. थोड्या वेळानं उलटा परत आला. तिनं पाय जरा फाकवून घेतले. हे इतकं सहज जमलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं.

भात फुलत आला. मागं खोलीत ओल्या दोराचा, कोळशाचा वास दाटला होता. ती टोप उतरवून वळली.

पलीकडच्या भिंतीला पाय रोवलेले होते. एकाशेजारी एक, एकाशेजारी एक, खोलीत मावू नयेत इतके. उघडे, ओले, खाऱ्या पाण्यानं पांढरे पडलेले. गुडघ्यांवर ताटं घट्ट धरलेली. ताटांत काही नव्हतं. शेवटच्या पायांशेजारी एका माणसाची जागा मोकळी होती.

गुडघ्यांच्या वर तिनं बघितलं नाही. जेवायला बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघू नये, असं तिला सासूनं शिकवलं होतं. ती खाली मान घालून एकेकाला वाढत गेली. ताटं गार होती. कोणी पुरे म्हणालं नाही. कोणाचा हात भाताकडे गेला नाही. सगळे वाट बघत होते, कशाची ते तिला कळेना, मग कळलं. वाढणारी बसल्याशिवाय कोणी सुरू करणार नव्हतं.

तिनं टोपात थोडा भात राखला, पोराच्या वाटणीचा, आणि वर ताटली झाकली.

तेवढ्यात दारात पावलं वाजली. अनवाणी, धावत आलेली.

"माय! भाणाकाकांनी दोरावरून उतरवलं मला. म्हणाले घरी जा. माय?"

किती छान बोलत होता. त्याचाच आवाज, नेहमीचा. दार हाताच्या अंतरावर होतं, पण आवाज लांबून येत होता. पाण्यावरून येतो तसा, मध्येच वाऱ्यानं तुटत, किनाऱ्यावर उभं राहून कोणी हाका माराव्यात तसा.

"माय, कुठं आहेस? माय!"

शोभा मोकळ्या जागेवर बसली. पाय भिंतीला रोवला.

"ओ," तिनं हाकेला उत्तर दिलं, होईल तेवढ्या मोठ्यानं. "भात झाकून ठेवलाय रे. गरम आहे तोवर खा."